अमेरिकन कॉन्सुलेटला वेळेत पोचायचंय? बीकेसीच्या वाटेवरच्या या चुका टाळा

आमचं घर चुनाभट्टीला, म्हणजे अमेरिकन कॉन्सुलेट जिथे आहे त्या बीकेसीच्या (बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्सच्या) जवळ. त्यामुळे सांगली, सातारा, पुणे, नाशिक, कुठूनही कुणाला अमेरिकेच्या व्हिसाच्या मुलाखतीला मुंबईत यायचं असलं की पहिला फोन आमच्याकडे येतो. आदल्या दिवशी मुक्कामाला या म्हटलं की उत्तर ठरलेलं: "कशाला उगाच, सकाळी उतरतो, काम करतो, संध्याकाळी परत." डीएस-१६० चा, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म चार-चार जणांकडून तपासून घेणारी, फोटोच्या मापावरून स्टुडिओवाल्याशी वाद घालणारी ही माणसं. पण दादर ते कॉन्सुलेट कसं जायचं याचा विचार दादरला उतरल्यावर सुरू करतात. तेव्हा बाकीच्या तयारीबद्दल मी काही बोलत नाही, ती तुम्ही केलेलीच असते. मी बोलणार आहे ती फक्त वाटेबद्दल.

"सकाळी उतरतो आणि थेट जातो"

ही सगळ्यात लाडकी चूक. आमच्या सांगलीच्या काकांनी ती अगदी मन लावून केली.

काकांचा मुलगा न्यूजर्सीत. नातवाच्या बारशाला काका-काकूंना जायचं होतं. बोटांचे ठसे द्यायला दोघं आदल्याच आठवड्यात येऊन गेले होते, तेव्हा वेळ दुपारची होती आणि सगळं सुरळीत पार पडलं होतं. तिथेच घात झाला. मुलाखत सकाळी साडेनऊची. काकांचा हिशेब असा, की महालक्ष्मी एक्स्प्रेस सातच्या आसपास दादरला टेकते, तिथून बीकेसी अर्ध्या तासावर, म्हणजे वाटेत इडली खायलाही वेळ आहे. मी म्हटलं, काका, आदल्या रात्री या. तर म्हणाले, "अगं, मला माहितीये रस्ता, मी जाऊन आलोय."

त्या दिवशी गाडी कर्जतच्या पुढे रेंगाळली, मग कल्याणच्या आधी रेंगाळली. दादरला उतरेपर्यंत सव्वाआठ होऊन गेले. न्यूजर्सीत तेव्हा रात्रीचे पावणेअकरा. मुलगा जागाच होता. त्याने तिथे बसून अॅपवरून टॅक्सी बोलावली. आईवडिलांची सोय करावी ही भावना चांगलीच, पण परदेशातून टॅक्सी बोलावणं हा प्रकार मला मुळीच मान्य नाही. ड्रायव्हर फोन करतो तो न्यूजर्सीला. ओटीपी जातो न्यूजर्सीला. आणि गाडी येऊन उभी राहते दादर पश्चिमेला, फुलबाजाराच्या बाजूला, तेव्हा काका-काकू सामान घेऊन पूर्वेला स्वामीनारायण मंदिरासमोर उभे असतात. मुलगा तिकडून विचारतोय, "बाबा, तुमच्यासमोर काय दिसतंय?" बाबा सांगतायत, "माणसं."

पूल ओलांडून गाडीत बसेपर्यंत पावणेनऊ. ही बीकेसीतल्या नोकरदारांची वेळ. कलानगरचा सिग्नल त्या वेळी कुणाचाच नसतो, ना म्हाताऱ्यांचा, ना अमेरिकेला जाणाऱ्यांचा. आणि शेवटी बीकेसीत शिरल्यावर काकांनी ड्रायव्हरला मोठ्या विश्वासाने रस्ता दाखवला, तो थेट बोटांचे ठसे दिलेल्या इमारतीपर्यंत. टॅक्सी सोडून दिली. आत गेले तेव्हा तिथल्या माणसाने कागद पाहून सांगितलं की तुमची मुलाखत इथे नाही, कॉन्सुलेटमध्ये आहे.

ठसे द्यायचं केंद्र वेगळं आणि कॉन्सुलेट वेगळं. दोन अपॉइंटमेंट, दोन पत्ते, कधी दोन वेगवेगळे दिवस. हे अपॉइंटमेंटच्या कागदावर छापलेलं असतं. पण एकदा जाऊन आलेला माणूस कागद वाचत नाही.

उन्हात अर्धं चालत आणि अर्धं रिक्षाने काका-काकू दारात पोचले तेव्हा दहा वाजून गेले होते. दारावरच्या माणसाने कागद पाहिला, काकूंचा चेहरा पाहिला आणि आत सोडलं. व्हिसाही मिळाला. आता याचा परिणाम असा, की काका आमच्या सगळ्या नातेवाइकांना छातीठोकपणे सांगतात, "महालक्ष्मीने या, आरामात पोचता येतं." घरच्या ग्रुपवर फिरणारे असे सल्ले बहुधा एखाद्याच्या नशिबावर उभे असतात, हे ध्यानात ठेवा. त्या दारावर उशिरा आलेल्याला आत घ्यायलाच हवं, असं काही नाही.

माझी पद्धत सोपी आहे. मुलाखत सकाळी असेल तर आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत यायचं. मुक्काम कुर्ला, शीव, वांद्रे, सांताक्रूझ इथे कुठेही चालेल. ठाण्याला किंवा वाशीला मावसबहिणीकडे उतरलात तर आदल्या दिवशी येऊन काय मिळवलंत? संध्याकाळी जाऊन कॉन्सुलेटचं दार एकदा डोळ्यांनी बघून यायचं. लोक हसतात मला. हसू देत. आणि मोबाइलच्या नकाशात रात्री अकरा वाजता दिसलेली मिनिटं सकाळी नऊला धरायची नाहीत. नकाशात निघायची वेळ घालून बघता येतं, तेवढं तरी करा.

पत्ता नीट न वाचणं

कॉन्सुलेटचा पत्ता सी-४९, जी ब्लॉक, बांद्रा-कुर्ला कॉम्प्लेक्स. यातला सी-४९ हा प्लॉट, ब्लॉक जी. रिक्षावाल्याला "सी ब्लॉक" सांगितलंत तर तो तुम्हाला फिरवेल आणि दोष त्याचा नसेल. नुसतं "अमेरिकन कॉन्सुलेट" म्हणा किंवा भारत डायमंड बोर्सच्या जवळ म्हणा, कळतं. याच जी ब्लॉकमध्ये विदेश भवन आहे, म्हणजे पासपोर्टचं ऑफिस. ब्रिटिशांचं उपउच्चायुक्तालयही इथलंच. हातात फाइल घेतलेल्या माणसांची रांग दिसली म्हणून तिच्यामागे उभं राहायचं नाही, आधी पाटी वाचायची.

एखादे आजोबा अजूनही ब्रीच कँडी सांगतात. तिथल्या लिंकन हाउसमधून कॉन्सुलेट २०११ मध्ये बीकेसीत आलं. आजोबांना नमस्कार करा आणि पुढे चला. उलट बाजूची गल्लतही होते: सगळ्या देशांची कार्यालयं बीकेसीतच असतात असं नाही. जर्मनीचं नरिमन पॉइंटला, जपानचं कंबाला हिलला. बऱ्याच देशांच्या व्हिसासाठी तर कॉन्सुलेटच्या दारात जायचंच नसतं, अर्ज केंद्रात जायचं असतं.

दादरला रिक्षा शोधणं

मिळणार नाही. रिक्षा शीव-माहीमच्या पलीकडे, उपनगरातच चालतात. दादरला काळी-पिवळी टॅक्सी घ्या, नाहीतर पश्चिम रेल्वेच्या फलाटावर जाऊन बोरिवली-विरारकडची लोकल धरा आणि वांद्र्याला उतरा. दादरच्या फलाटांचे नंबर डिसेंबर २०२३ मध्ये बदलले: पश्चिम रेल्वेचे १ ते ७ तसेच राहिले, मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. त्यामुळे मध्य रेल्वेबद्दलचा "आमच्या वेळी तीन नंबरवरून" हा सल्ला आता चालत नाही.

वांद्र्याला पूर्वेला बाहेर पडायचं. पश्चिमेला उतरलात तर शॉपिंग होईल, मुलाखत नाही. पूर्वेला शेअर रिक्षावाले "डायमंड, डायमंड" ओरडत असतात, तेच तुमचं ठिकाण. पण ऑफिसच्या वेळेला तिथली रांग पाहून तोंडचं पाणी पळतं. बरोबर म्हातारं माणूस असेल तर चार पैसे वाचवायच्या फंदात न पडता मीटरवर रिक्षा करा.

टर्मिनस म्हणजे स्टेशन समजणं

लोकमान्य टिळक टर्मिनसला लोक कुर्ला म्हणतात, पण कुर्ला स्टेशन तिथून वेगळं. वांद्रे टर्मिनस आणि वांद्रे स्टेशनचंही तेच. बॅगा ओढत "इथेच तर आहे" म्हणू नका.

पुण्याहून गाडीने येताना अटल सेतू

शिवडीला उतरवणारा हा पूल दक्षिण मुंबईला जाणाऱ्यासाठी फार छान. कारचे एका फेरीचे २५० रुपये टोल भरून बीकेसीसाठी त्यावरून येणाऱ्यांना मात्र मी हात जोडते. वाशी, चेंबूर करत चुनाभट्टीपाशी या आणि तिथून बीकेसीत नेणारा उड्डाणपूल, बीकेसी कनेक्टर, धरा. तो २०१९ पासून सुरू आहे, तरी पुण्याचे निम्मे ड्रायव्हर शीवला जाऊन अडकतात. त्यात शीवचा रेल्वेवरचा जुना पूल १ ऑगस्ट २०२४ ला बंद करून पाडायला घेतला, तेव्हापासून त्या भागाची जी दशा झाली ती विचारू नका.

मेट्रोबद्दलचे दोन गैरसमज

ॲक्वा लाइन ऑक्टोबर २०२५ पासून पार कफ परेडपर्यंत जाते आणि तिला बीकेसी स्टेशन आहे. विमानाने येणाऱ्याला याहून चांगलं काही नाही. पण दादरचं मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनाला चिकटलेलं नाही, पश्चिमेला थोडं चालावं लागतं. आणि बीकेसी स्टेशनातून वर आलात की कॉन्सुलेटचं दार समोर उभं असेल अशी कल्पना करू नका. तेवढं चालणं किंवा रिक्षा धरून हिशेब करा.

मोबाइल आणि बॅग

आत मोबाइल चालत नाही. स्मार्ट वॉच, इयरफोन, लॅपटॉप काहीच नाही, आणि ठेवायला तिथे सोय नाही. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी प्रत्येक वेळी फुटपाथवर कुणीतरी हातात फोन घेऊन गोंधळलेलं दिसतंच. मग कुणीतरी पुढे होतं, "साहेब, इकडे ठेवा, इतके रुपये." बँकेचं सगळं खातं ज्या फोनात आहे तो फोन अनोळखी माणसाच्या पिशवीत टाकून आत शांत चित्ताने उत्तरं द्यायची, हे ज्याला जमतं त्याने खुशाल ठेवावा. मला जमणार नाही. एकटे असाल तर फोन मुक्कामाच्या ठिकाणीच ठेवून निघा.

पण याहून मोठी फजिती नंतर होते. फोन हाती नाही म्हटल्यावर आज कुणालाही कुणाचा नंबर पाठ नसतो. सोबतच्या माणसांना बाहेरच थांबावं लागतं, आणि दारासमोर घोळका करून उभं राहू देत नाहीत. मुलाखत कधी अर्ध्या तासात आटपते, कधी दोन-अडीच तास लागतात. बाहेर आलेले सासरे जावयाला शोधत डावीकडे जातात, जावई उजवीकडे कॉफी पीत बसलेला. आमच्याकडे एकदा अशी चुकामूक झालेले गृहस्थ शेवटी पायी आमच्या घराच्या दिशेने निघाले होते, कारण पत्ता तेवढा पाठ होता.

म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी घालते: दोन फोन नंबर, आमचा पत्ता, भेटायची जागा. जागा म्हणजे "गेटजवळ" नव्हे. अमुक बँकेच्या पायरीशी, असं दुकानाच्या किंवा इमारतीच्या नावानिशी. सोबत पाचशेच्या आतल्या सुट्ट्या नोटा, कारण फोन नाही म्हणजे यूपीआयही नाही. अपॉइंटमेंटचा कागद आणि डीएस-१६० ची पावती छापलेली हवी, आणि पावतीवरचा नंबर अपॉइंटमेंट घेताना दिलेलाच हवा. फॉर्म पुन्हा भरला असेल तर हे आदल्या रात्री नव्हे, बरेच दिवस आधी बघा.

फार लवकर जाऊन दारात उभं राहणं

घाबरट माणसं सहाला जातात. वेळेच्या फार आधी आत घेत नाहीत, आणि बीकेसीत टेकायला पार नाहीत. तासभर आधी परिसरात पोचा, कुठेतरी बसा, पाणी प्या.

पावसाळा

जून ते सप्टेंबरमध्ये मुलाखत असेल तर आदल्या दिवशी येण्याबद्दल माझ्याशी वाद घालूच नका. बीकेसीच्या कडेने मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा या नदीने काय केलं ते इथे सगळ्यांना आठवतं. तेवढा नाही पडला तरी कुर्ल्याला एलबीएस रोडवर गुडघाभर पाणी साचायला एक जोरदार सकाळ पुरते. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घाला, चपला घालून निघा आणि बूट पिशवीत ठेवा. ती पिशवी सोबतच्या माणसाकडे.

परतीचं तिकीट दुपारचं काढणं

आतला वेळ आपल्या हातात नसतो, आणि दुपारच्या गाडीकडे डोळे लावून बसलेला माणूस खिडकीसमोर उगाच घाईने बोलतो. पुण्याला जायचं असेल तर डेक्कन क्वीन सीएसएमटीहून पाच दहाला सुटते. बीकेसीहून ॲक्वा लाइन थेट सीएसएमटीला नेते. मध्ये आमच्याकडे जेवून जायलाही वेळ उरतो, फक्त किती माणसं ते सकाळी सांगा.