हाँगकाँगचे भुताटकीचे पोलीसपट कसे पाहावेत

हाँगकाँगच्या कँटोनीज या तिथल्या चिनी बोलीतील चित्रपटसृष्टीने १९८०च्या दशकात मारधाड, विनोद आणि भुतेखेते यांची जी सांगड घातली, ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला बहुधा गोंधळात टाकते. पोलीस ठाण्यात थट्टामस्करी चाललेली असते आणि पुढच्याच क्षणी एखादे प्रेत हात समोर ताणून उड्या मारत आत येते. पटकथाच विस्कळीत आहे असे समजून अनेक जण अर्ध्यावर उठतात. वास्तविक या चित्रपटांतील भुते अतिशय नियमाने वागतात, आणि ते नियम ठाऊक असले की विनोद आणि मारामारी या दोन्ही गोष्टी उलगडू लागतात. म्हणून पाहण्याआधी थोडी तयारी करावी.

सुरुवात पोलीसपटाने न करता १९८५ सालच्या ‘मिस्टर व्हॅम्पायर’ या चित्रपटाने करावी. रिकी लाऊ यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि सॅमो हंग यांनी निर्मिलेल्या या चित्रपटात पुढच्या सगळ्यांना लागणारे व्याकरण सापडते. उड्या मारणाऱ्या प्रेताला चिनी लोककथेत ‘ताठ प्रेत’ अशा अर्थाचे नाव आहे. ताठरल्यामुळे त्याचे सांधे वाकत नाहीत, म्हणून ते चालत नाही, उड्या मारते. त्याच्या अंगावर छिंग या चीनच्या शेवटच्या राजवटीतील अधिकाऱ्यासारखा पोशाख असतो. त्याला माणूस श्वासावरून सापडतो, त्यामुळे श्वास रोखून धरल्यास ते समोरून निघून जाते. पिवळ्या कागदावर लाल अक्षरांत लिहिलेला ताईत कपाळावर चिकटवला की ते जागच्या जागी थांबते. कच्चा चिकट तांदूळ त्याचे विष उतरवतो, आणि सुतार लाकडावर सरळ रेघ मारायला वापरतात तो शाईत भिजवलेला दोरा त्याला अडवतो. तांदूळ मात्र चिकटच हवा. या चित्रपटातील दुकानदार नफ्यासाठी त्यात साधा तांदूळ मिसळतो आणि उपचार फसतो. एका भेसळीमुळे जखमी शिष्यावरचे संकट वाढते. नियम माहीत नसलेल्या प्रेक्षकाच्या हातून हा धागा सहज निसटतो.

याच चित्रपटातील तुरुंगाचा प्रसंग लक्ष देऊन पाहावा, कारण पोलीस आणि भूत यांच्या जोडीचे सारे मर्म तेथे आहे. गावचा उद्दाम पोलीस अधिकारी ताओपंथी (ताओ या चीनच्या प्राचीन धर्मपंथातील) गुरूलाच खुनाच्या संशयावरून कोठडीत टाकतो, आणि ज्याच्या खुनाचा आरोप आहे त्याचे प्रेत त्याच इमारतीत उठून बसते. ज्याला विद्या येते तो गजांआड आहे, तर ज्याच्या हाती अधिकार आहे त्याला काय करावे हे सुचत नाही. पोलिसांचे कायदे आणि मेलेल्यांचे कायदे असे दोन नियमग्रंथ एकमेकांवर आदळतात, आणि त्या धडकेतून हसू येते. गुरूची भूमिका करणारे लाम चिंग-यिंग लहानपणापासून पेकिंग ऑपेरा या पारंपरिक चिनी संगीतनाट्याच्या शिस्तीत घडले होते आणि पुढे त्यांनी ब्रूस ली यांच्या चित्रपटांत स्टंटची कामे केली. आजूबाजूला कितीही धांदल उडाली तरी त्यांचा चेहरा गंभीर राहतो आणि हातांची एकही हालचाल वाया जात नाही. माझ्या मते या प्रकारातला त्यांच्याइतका मोठा नट दुसरा झाला नाही.

यानंतर १९८७ सालचा ‘द हॉन्टेड कॉप शॉप’ घ्यावा. दिग्दर्शक जेफ लाऊ. पटकथेत त्यांच्यासोबत वाँग कार-वाई, जे पुढे अगदी वेगळ्या, संथ आणि हळव्या चित्रपटांसाठी जगभर ओळखले गेले. जॅकी चुंग आणि रिकी हुई यांनी त्यात दोन धांदरट पोलीस रंगवले आहेत. तो पाहण्याआधी एवढे लक्षात ठेवावे की २५ डिसेंबर १९४१ रोजी हाँगकाँग जपानच्या ताब्यात गेले आणि तीन वर्षे आठ महिने त्या अमलाखाली राहिले. ठाण्यात जपानी लष्करी अधिकाऱ्यांची भुते का वावरतात, याचे उत्तर या इतिहासात आहे. हसणाऱ्या प्रेक्षकांत तो काळ सोसलेली माणसेही होती. चिनी पंचांगाचा सातवा महिना भुतांचा मानला जातो, त्या काळात मृतांसाठी कागदी नोटा जाळतात, हेही ध्यानात असावे.

तिसरा टप्पा १९९०चा ‘मॅजिक कॉप’. येथे लाम चिंग-यिंग स्वतःच पोलीस आहेत आणि मंत्रविद्याही जाणतात. अमली पदार्थांच्या तस्करीसाठी प्रेते वापरणाऱ्या जादूगारणीचा ते माग काढतात. म्हणजे दोन्ही नियमग्रंथ एकाच माणसाच्या हाती येतात. हाँगकाँगच्या पोलीस ठाण्यांत क्वान यू या प्राचीन सेनापतीचा देव्हारा खरोखरच असतो आणि तपास पथकांतले पोलीस त्याच्यापुढे उदबत्त्या लावतात, हे समजल्यावर पोलिसाने मंत्र म्हणण्यात काही विचित्र वाटत नाही. त्याच देवाला गुन्हेगारी टोळ्याही पुजतात.

आवाज मूळ कँटोनीज निवडावा आणि सबटायटल्स चालू ठेवावीत. इंग्रजी डबिंगमध्ये बोलण्याचा ठेका पूर्णपणे हरवतो. कँटोनीजमध्येही ओठ आणि आवाज जुळत नसतील, तर तो प्रतीचा दोष समजू नये, कारण त्या काळी बहुतेक चित्रपटांचा आवाज नंतर स्टुडिओत भरला जात असे. दोन शब्द कानांनी टिपावेत. ‘आ-सर’ म्हणजे पोलिसाला मारलेली हाक. ‘ग्वाय’ म्हणजे भूत. पण गोऱ्या परदेशी माणसाला ‘ग्वायलो’ म्हणतात आणि ‘खूपच’ अशा अर्थाने जोर देण्यासाठीही ‘ग्वाय’ हाच शब्द जिभेवर असतो, त्यामुळे काही विनोद भाषांतरात उतरतच नाहीत. त्या काळच्या काही हाँगकाँग चित्रपटांत प्राण्यांना खरोखर इजा केलेली आहे आणि स्त्रियांवरचे विनोद आज खटकतात. मुलांसोबत बसण्यापूर्वी चित्रपट आधी एकट्याने पाहून ठेवावा.

तिन्ही चित्रपट झाल्यावर तुरुंगाचा तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावावा. प्रेत जवळ येताच कोण श्वास रोखतो, कोणाचे गाल फुगतात आणि सर्वांत आधी कोणाचा दम सुटतो, एवढेच पाहावे.