लिनक्स चालू होतानाच नम लॉक लावा

लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर बिलं करणाऱ्याचा उजवा हात दिवसभर कीबोर्डवरच्या आकड्यांच्या पट्टीवर असतो. पण लिनक्स सुरू झालं की बऱ्याचदा नम लॉक (त्या पट्टीवरून आकडे उमटू देणारी कळ) बंदच असतो. आकड्यांचा पासवर्ड त्या पट्टीवरून टाकला की चुकतो, आणि रोज सकाळी तीच कटकट. बायोसमध्ये (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) नम लॉक चालू ठेवला तरी डेस्कटॉप येताना तो पुन्हा बंद होऊ शकतो, म्हणून सोय लिनक्समध्येच करायची.

लिनक्स मिंट सिनॅमनवर:

१. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून 'नमलॉकएक्स' हे छोटं पॅकेज घ्या. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता शोधा. ते नसेल तर पुढचा पर्याय चालत नाही.
२. मेनूतून अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, त्यात लॉगिन विंडो उघडा.
३. सेटिंग्ज टॅबमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेट नमलॉक' चालू करा.
४. रीस्टार्ट करा. पासवर्डच्या पडद्यावरच कीबोर्डवरचा नम लॉकचा दिवा लागायला हवा.

सिनॅमनऐवजी केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडून नम लॉकसाठी 'टर्न ऑन' निवडा. पॅकेज लागत नाही.

आकड्यांची वेगळी पट्टी नसलेल्या छोट्या लॅपटॉपवर मात्र हे करू नका. तिथे नम लॉक लागला की काही मॉडेलांवर जे, के, एल दाबल्यावर १, २, ३ उमटतात आणि यू, आय, ओच्या जागी ४, ५, ६. पासवर्ड टाकताना फक्त ठिपके दिसत असल्यानं चूक लक्षातही येत नाही.