पुढच्या पिढीच्या प्रोसेसरसाठी थांबावे की नाही, हे कसे ठरवावे

कोल्हापूरच्या उद्यमनगरातील किंवा शिरोली एमआयडीसीतील डिझाइन विभागासाठी नवा संगणक घ्यायचा विषय निघाला की ‘पुढची पिढी येतेय, थांबा’ हा सल्ला हमखास मिळतो. तो मानण्यापूर्वी आपल्या कामाची तपासणी करावी. नेहमीचे सर्वांत जड त्रिमितीय (कॅड) मॉडेल उघडून रीबिल्ड (मॉडेलची पुन्हा जुळणी) सुरू करावे आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा (प्रोसेसरचा) एकूण वापर पाहावा. 16 थ्रेडच्या (एकाच वेळी कामाच्या 16 धारा चालवणाऱ्या) प्रोसेसरवर तो 6-7 टक्क्यांपाशी, म्हणजे सुमारे सोळाव्या हिश्श्यापाशी, अडकला असेल, तर काम एकाच थ्रेडवर चालले आहे असे समजावे. (विंडोज ते काम एका कोअरवरून, म्हणजे प्रोसेसरमधील एका गणना-भागावरून, दुसऱ्यावर हलवत असल्याने प्रत्येक कोअरचा स्वतंत्र आलेख फसवा दिसू शकतो.) अशा कामाला जादा कोअरचा उपयोग नाही, एका कोअरचा वेग वाढला तरच फरक पडतो. कास्टिंगच्या सिम्युलेशनचा भार मात्र बहुधा सगळ्या कोअरवर पसरतो, आणि तेथे रॅमचा वेगही तितकाच आड येतो.

त्यानंतर कंपनीच्या घोषणेतील आकडा आपल्या वेळेवर लावून पाहावा. 2024 मध्ये एएमडी या प्रोसेसर कंपनीने झेन 5 ही नवी रचना जाहीर करताना, एका क्लॉकमध्ये (प्रोसेसरच्या एका ठोक्यात) होणारे काम आधीच्या झेन 4 पेक्षा सरासरी 16 टक्के वाढल्याचे सांगितले. म्हणजे क्लॉकचा वेग तोच राहिल्यास दहा मिनिटांचे काम साडेआठ मिनिटांच्या थोडे पुढे जाईल, आणि तेही आपला प्रोग्रॅम त्या सरासरीसारखा वागला तर. ‘2 नॅनोमीटर’ हे निर्मितीतंत्राचे नाव आहे, चिपवरील एखाद्या भागाचे मोजलेले माप नव्हे, त्यामुळे त्यावरून वेग ताडू नये.

माझ्या मते खरा निर्णय मदरबोर्डचे सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) पाहून घ्यावा. 2022 मध्ये आलेल्या एएमडीच्या एएम5 सॉकेटवर रायझन 7000 आणि 9000 या दोन्ही मालिका बसतात, आणि 2027 व त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. इंटेलच्या एलजीए1700 सॉकेटवर बाराव्या ते चौदाव्या पिढीपर्यंत काम भागले. 2024 च्या कोअर अल्ट्रा 200 मालिकेसाठी मात्र एलजीए1851 चा नवा बोर्ड घ्यावा लागला. म्हणून काम अडले असेल तर राजारामपुरीतील दुकानात चांगला एएम5 बोर्ड, पुरेशी डीडीआर5 रॅम आणि मध्यम प्रोसेसर आज घ्यावा व पुढे केवळ प्रोसेसर बदलावा. बदलताना बोर्डनिर्मात्याच्या यादीत नवा प्रोसेसर आहे याची खात्री करावी आणि जुना काढण्यापूर्वीच बायोस (बोर्डवरील मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे, तेही यूपीएसवर. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो.