नॉकआऊट उंदरांवर पीएचडी करणार असाल तर आधी पिल्लं मोजा

लॅबमध्ये नवीन आलेली मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात, ताई फॉर्म बी कसा भरायचा, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आपल्याकडे उंदरावर प्रयोग करायचा तर संस्थेच्या अ‍ॅनिमल एथिक्स कमिटीकडे फॉर्म बी द्यावा लागतो, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली, आणि जनुक बदललेला उंदीर असेल (नॉकआऊट म्हणजे एखादं जनुक बंद पाडलेला) तर बायोसेफ्टी कमिटीची परवानगी वेगळी घ्यावी लागते. कागदपत्रं होतात हो, सिनिअर मदत करतात. खरा प्रश्न आकड्याचा आहे.

मला डबल नॉकआऊट, म्हणजे दोन जनुकं बंद असलेले उंदीर हवे होते. मी लिहिलं २४ उंदीर, १२ नॉकआऊट आणि तुलनेसाठी १२ कंट्रोल. कमिटीतल्या व्हेट मॅडमनी शांतपणे विचारलं, बाकीची पिल्लं कुठायत? माझ्याकडे उत्तरच नव्हतं. आईबाप दोन्ही जनुकांसाठी हेटेरोझायगस असतील, म्हणजे प्रत्येक जनुकाची एक प्रत चालू आणि एक बंद, तर १६ पिल्लांत सरासरी एकच डबल नॉकआऊट निघतं, म्हणजे १२ साठी १९२ पिल्लं. थोडी कंट्रोलला लागतात, एखाददुसरं ब्रीडिंगला, बाकी सगळी जन्मतात, कान पंच होतो, जेनोटायपिंग (कुठली जनुकं आलीत याची तपासणी) होतं आणि कामाची नाहीत म्हणून कार्बन डायऑक्साइडच्या चेंबरमध्ये जातात. पेपरमध्ये ती कुठेच दिसत नाहीत, म्हणून तर फॉर्ममध्ये दिसली पाहिजेत.

त्या रात्री बसून क्रॉस, म्हणजे कुठल्या उंदराची जोडी कुणाशी लावायची, ते पुन्हा आखले. एका जनुकाचे नॉकआऊट धडधाकट असतील आणि वीत असतील तर आईबाप दोघंही त्या जनुकाचे पूर्ण नॉकआऊट आणि दुसऱ्यासाठी हेटेरोझायगस घ्यायचे, मग चारात एक मिळतं, १९२ चे ४८ होतात. पण मग त्याच लिटरमध्ये (एका वेळच्या पिल्लांत) वाइल्ड टाइप, म्हणजे जनुक न बदललेला कंट्रोल मिळत नाही, त्यामुळे तुमचा प्रश्न नेमका काय आहे हे आधी ठरवा, पिल्लं जन्मल्यावर नाही. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी थ्री आर (रिप्लेसमेंट, रिडक्शन, रिफाइनमेंट) मांडले, त्यातला रिडक्शन, म्हणजे कमीत कमी प्राणी वापरणं, मला त्या रात्री कळला, कोर्सवर्कची परीक्षा देताना नव्हता कळला.

दुसरं म्हणजे त्रास. औषध द्यायचं थांबवता येतं, पण जनुकातला बदल प्राणी जन्मभर अंगावर वागवतो. स्नायू कमकुवत असलेले उंदीर मागच्या पायांवर उभे राहून बाटलीच्या नळीपर्यंत पोचत नाहीत. लांब नळी लावा, ओलं केलेलं खाणं केजच्या तळाशी ठेवा, आणि वजन किती टक्के घटलं की प्रयोग थांबवायचा हे आधीच लिहून केजकार्डवर लावा, कारण डेटा अर्धवट असताना "अजून दोन दिवस बघू" असं मन म्हणतंच, माझंही म्हटलंय.

लॅब निवडताना गाईडला सरळ विचारा, उरलेल्या पिल्लांचं काय करता, न लागणारी लाइन (त्या जनुकबदलाच्या उंदरांचा वंश) पाळत बसता की शुक्राणू गोठवून ठेवता? आणि जमलं तर अ‍ॅनिमल हाऊसमधल्या काकांनाही विचारा, रोज केज बदलणाऱ्याला जास्त माहीत असतं.