पक्ष्याच्या पिल्लाला भरवायचं साधन कसं निवडावं?

आईबाप पिल्लाला नीट भरवत असतील तर हा लेख वाचून सोडून द्या. त्यांच्याइतकं चांगलं आपल्याला जमत नाही. पण पिल्लू टाकून दिलेलं असेल, किंवा भावंडांच्या गर्दीत उपाशी राहत असेल, तर हाताने भरवावं लागतं. मग पहिला प्रश्न येतो तो साधनाचा. कशाने लवकर उरकेल, हे बघू नका. घास पिल्लाच्या वेगाने जातोय की आपल्या, हे बघा. पिल्लाच्या जिभेच्या मुळापाशीच श्वासनलिकेचं तोंड असतं. पिल्लू गिळत नसताना पातळ अन्न जोरात आत गेलं, तर थेट फुप्फुसात उतरू शकतं.

१. नवशिके असाल तर चमचा घ्या

स्टीलचा छोटा चमचा, दोन्ही कडा पकडीने आत वळवून पन्हळीसारखा केलेला. टोक चोचीत सहज मावेल इतकं अरुंद हवं. वळवल्यावर कडेवरून बोट फिरवून बघा; टोचलं तर घासून गुळगुळीत करा. मुलामा उडालेला किंवा जस्ताचा थर असलेला चमचा नको, जस्त पक्ष्यांना विषारी असतं. चमच्याने वेळ लागतो, सांडलवंड होते, पिसं चिकट होतात. तरीही माझं मत चमच्यालाच, कारण पिल्लू स्वतः चाटून-ओढून खातं आणि पोट भरलं की तोंड फिरवतं.

२. सिरिंज घ्यायची तर पारखून

बिनसुईचीच घ्या. अगदी छोट्या पिल्लांना, म्हणजे फिंच (चिमणीसारखा छोटा पक्षी) किंवा नुकत्या जन्मलेल्या बजीला (छोट्या पाळीव पोपटाला), १ मिलीची. बजी, लव्हबर्ड थोडे मोठे झाले की ३ मिलीची. कॉकाटीलच्या (तुरेवाल्या पाळीव पोपटाच्या) वाढत्या पिल्लाला ५ किंवा १० मिलीची. मोठी सिरिंज अर्धीच भरून वापरू, हा हिशोब छोट्या पिल्लाच्या बाबतीत चुकतो: जाड सिरिंजचा दट्ट्या केसभर सरकला तरी बरंच अन्न बाहेर येतं.

वापरण्याआधी पाणी भरून थेंब-थेंब सोडून बघा. दट्ट्या आधी अडतो आणि मग एकदम झटक्यात पुढे जातो, असं झालं तर ती सिरिंज बाजूला ठेवा. हीच चाचणी तयार फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांसाठीची पावडर पाण्यात कालवून केलेलं पातळ अन्न, भरूनही करा. गुठळी टोकात अडकते, आपण नकळत जास्त दाबतो, गुठळी सुटते आणि मागचा सगळा घास पिचकारीसारखा घशात जातो. बरेच अपघात असेच होतात. म्हणून फॉर्म्युला गाळून घ्या, आणि अडकलं तर चोचीबाहेर काढूनच दाबा.

३. हे टाळा

काचेचा ड्रॉपर चोचीत फुटू शकतो. सिरिंजच्या टोकावर रबराची नळी लावली तर ती निसटून पिल्लाच्या पोटात जाऊ शकते. अन्न थेट क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, सोडणारी धातूची सुई किंवा लांब नळी तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून समोर बसून शिकल्याशिवाय हातातही घेऊ नका.

४. सोबत थर्मामीटर आणि वजनकाटा

फॉर्म्युला साधारण ३९ ते ४१ अंश सेल्सिअस हवा. ४३ च्या वर गेला तर क्रॉप भाजतो. गार असला तर पिल्लू नाकारतं किंवा अन्न क्रॉपमध्येच तुंबतं. बोट बुडवून अंदाज घेऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच नको: वरून कोमट, मध्ये कढत. वाटी गरम पाण्यात ठेवा आणि ढवळून मापा. १ मिलीच्या सिरिंजमधलं अन्न पटकन निवतं, त्यामुळे भरलेली सिरिंज फार वेळ हातात धरून बसू नका. वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या आणि रोज सकाळी भरवण्याआधी वजन लिहून ठेवा.

५. पहिल्यांदा वापरताना

पिल्लाला टॉवेलवर सरळ बसवा. टोक चोचीच्या डाव्या बाजूने (पिल्लाच्या डाव्या) आत नेऊन उजवीकडे रोखा, कारण अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूने जाते. पिल्लू मान वरखाली हलवत असेल तेवढाच वेळ घास सोडा. मान थांबली, की हातही थांबला पाहिजे. नाकातून फेस आला किंवा श्वास घेताना टकटक आवाज यायला लागला तर भरवणं बंद करा, पिल्लाला उबेत ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

६. धुणं

प्रत्येक वेळी दट्ट्या पूर्ण बाहेर काढून, साबणाच्या गरम पाण्याने घासून, खळखळून धुवा आणि उघडंच वाळू द्या. रबराच्या खाचेत राहिलेल्या अन्नात जंतू भराभर वाढतात. प्रत्येक पिल्लाची सिरिंज वेगळी ठेवा, आणि चोचीला लागलेली सिरिंज पुन्हा वाटीत बुडवू नका. हवा तेवढा फॉर्म्युला आधीच वेगळ्या वाटीत काढून घ्या. आकडे पुसट झाले किंवा दट्ट्या जड चालायला लागला की तेल-तूप लावत बसू नका, नवी काढा. त्याच मापाच्या दोन-तीन जास्तीच्या आधीच आणून ठेवा, कारण दट्ट्या अडकायचा तो नेमका पिल्लू भुकेने ओरडत असतानाच.