आधी युद्ध पुकारा, मग सोंगट्या हलवा : ग्लोबल १९४० मधल्या युद्धघोषणेची उकल

‘अॅक्सिस अँड अलाइज’ या दुसऱ्या महायुद्धावरच्या बोर्डगेमचे युरोप १९४० आणि पॅसिफिक १९४० हे दोन खोके जोडले की ग्लोबल १९४० तयार होतो. नऊ सत्ता एका टेबलावर येतात, पण पहिल्या फेरीत त्या सगळ्या एकमेकींशी लढत नसतात. जर्मनी आणि इटली यांचं ब्रिटन, फ्रान्स आणि अँझॅकशी (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड) युद्ध चालू असतं, जपानचं फक्त चीनशी. सोव्हिएत युनियन आणि अमेरिका बाहेर उभ्या असतात. बहुतेक वाद इथेच उगवतात, कारण खेळणारे ‘अॅक्सिस विरुद्ध अलाइज’ (जर्मनी, इटली, जपान विरुद्ध बाकीचे) असा सरसकट हिशेब धरतात. या खेळात युद्ध दोन बाजूंमध्ये लागत नाही, दोन सत्तांमध्ये लागतं. इथली माहिती २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीतल्या नियमांना धरून आहे.

घोषणेची वेळ एकच : स्वतःच्या टर्नमध्ये, कॉम्बॅट मूव्ह (हल्ल्याच्या चाली) सुरू होताना, पहिली सोंगटी उचलण्याआधी. खरेदीच्या वेळी नाही, नॉनकॉम्बॅट मूव्हमध्ये (लढाईनंतरच्या चालींत) नाही, दुसऱ्याच्या टर्नमध्ये तर नाहीच. याला अपवाद फक्त अमेरिकेचा, त्याकडे पुढे येऊ. घोषणा झाली की त्या दोन सत्तांमध्ये त्याच क्षणी युद्ध लागतं, समोरच्याने वेगळी घोषणा करायची गरज नाही. घोषणा केली म्हणून हल्ला केलाच पाहिजे असंही नाही. मात्र एकदा लागलेलं युद्ध थांबवायचा नियम या खेळात नाही.

वेळेबाबत इतकी काटेकोर अट का, हे नकाशावर पाहिलं की कळतं. समजा, जपानच्या ताफ्याच्या वाटेवर एका सी झोनमध्ये (नकाशावरचा समुद्राचा तुकडा) ब्रिटिश डिस्ट्रॉयर उभी आहे. युद्ध नसेल तर ती अडवू शकत नाही, जपानी जहाजं तिच्या बाजूने निघून जातात. नवखा खेळाडू काय करतो? ताफा शांततेत पुढे सरकवतो, मलायाजवळ पोचतो आणि मग म्हणतो, ‘आता ब्रिटनवर युद्ध!’ हे चालत नाही. घोषणा आधी, त्यामुळे डिस्ट्रॉयर आधी शत्रू, त्यामुळे तो सी झोन बंद. त्या डिस्ट्रॉयरशी लढायचं तर ताफ्याची चाल तिथेच संपते. एका ८ आयपीसीच्या (आयपीसी म्हणजे खेळातले पैसे) जहाजाने अख्खा ताफा अडकतो, आणि ब्रिटनने ती तिथे आणून ठेवलेली असते ती याचसाठी. ताफा आधीच पुढे गेला असेल तर सगळी चाल मागे घ्या आणि घोषणेपासून पुन्हा सुरुवात करा. ‘या वेळी जाऊ दे’ म्हटलं की पुढच्या फेरीत दुसरा तेच मागतो.

आता याच नियमाची दुसरी बाजू. युद्ध नसताना दोन सत्तांची जहाजं एका सी झोनमध्ये गुण्यागोविंदाने राहू शकतात. जपानचं ट्रान्सपोर्ट (सैन्य वाहणारं जहाज) जिथे उभं आहे तिथेच ब्रिटनने क्रूझर आणून लावली, आणि जपानने आपल्या टर्नला युद्ध पुकारलं, तर ट्रान्सपोर्टवर सैन्य चढवता येईल का? एरवी शत्रूच्या सी झोनमध्ये सैन्य चढवता येत नाही, म्हणून पुष्कळजण ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. पण ज्या टर्नमध्ये युद्ध लागलं त्या टर्नपुरती सूट आहे : ट्रान्सपोर्ट आधीपासून ज्या सी झोनमध्ये होतं आणि जो घोषणेमुळे आत्ताच शत्रूचा झाला, तिथे ते भरता येतं. भरून ते दुसरीकडे उतरायला जाऊ शकतं. दुसऱ्या कुठल्या शत्रूच्या सी झोनमध्ये जाऊन भरायची मुभा मात्र नाही. त्या झोनमधल्या बाकी जपानी जहाजांपुढे दोनच रस्ते असतात : कॉम्बॅट मूव्हमध्ये बाहेर पडायचं किंवा थांबून लढायचं. नॉनकॉम्बॅटमध्ये हळूच सटकता येत नाही.

तिसरी सत्ता त्याच पाण्यात असेल तर? फिलिपिन्सजवळच्या सी झोन ३५ मध्ये अमेरिकेची जहाजं सुरुवातीपासून असतात. तिथे येऊन उभ्या राहिलेल्या ब्रिटिश जहाजावर जपानने हल्ला केला आणि अमेरिकेशी युद्ध पुकारलेलं नसेल, तर अमेरिकेची जहाजं लढाईत धरायची नाहीत. ती फासे टाकत नाहीत, त्यांना मारही बसत नाही. फिलिपिन्समधलं अमेरिकन फायटरही मदतीला उडत नाही.

आता कोण कधी युद्ध पुकारू शकतं ते पाहू. जर्मनी सोव्हिएतवर आपल्या कुठल्याही टर्नला पुकारू शकते. सोव्हिएतला जर्मनी-इटलीवर चौथ्या टर्नआधी पुकारता येत नाही. त्याआधी दार उघडतं ते यांपैकी कुणी सोव्हिएतवर युद्ध पुकारलं तर, किंवा अॅक्सिसने लंडन घेतलं तर. जर्मनीने पुकारलं म्हणून इटली आपोआप युद्धात येत नाही, तिची घोषणा वेगळी. टर्नच्या क्रमात जर्मनी सोव्हिएतच्या आधी येते, म्हणून सोव्हिएतला चौथ्या टर्नची संधी मिळेपर्यंत जर्मनीचे चार टर्न झालेले असतात. आणि सोव्हिएतशी युद्ध नसेल तोवर जर्मनीला दर टर्नला ५ आयपीसी मिळतात. ‘पुढच्या वेळी मारायचंय, आत्ता घोषणा करून ठेवतो’ म्हणणारा जर्मन खेळाडू हे पैसे उगाच घालवतो आणि वर सोव्हिएतला आधी मारायची संधी देतो.

सोव्हिएत आणि जपान एकमेकांवर कधीही पुकारू शकतात. पण एका नकाशावरचं युद्ध दुसऱ्या नकाशावरची बंधनं उठवत नाही. जपानशी लढणाऱ्या सोव्हिएतला युरोपच्या नकाशावर अजून तटस्थासारखंच वागावं लागतं, म्हणजे इराणकडच्या तटस्थ प्रदेशात सैन्य घालता येत नाही.

सगळ्यात गुंतागुंतीचा भाग जपानचा. जपानने ब्रिटन किंवा अँझॅक यांपैकी एकावर पुकारलं तरी ते दोघांवर धरलं जातं. डच ईस्ट इंडीजवरचा हल्लाही या दोघांविरुद्धचं युद्धच, म्हणून जावा-सुमात्राकडे निघण्याआधी घोषणा हवी. ब्रिटनचे पैसे लंडन आणि कलकत्ता अशा दोन खात्यांत असले तरी सत्ता एकच, त्यामुळे ‘फक्त पॅसिफिकच्या ब्रिटनवर’ अशी अर्धी घोषणा नसते. (लंडन पडल्याने सोव्हिएत आणि अमेरिका युद्ध पुकारायला मोकळ्या होतात. कलकत्ता पडल्याने कुणीच होत नाही. भारत सांभाळणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं.)

घोषणा आधी कुणी केली, याला इथे फार किंमत आहे. अमेरिकेशी युद्ध नाही, फ्रेंच इंडोचायनावर हल्ला केलेला नाही आणि ब्रिटन-अँझॅकवर आपणहून युद्ध पुकारलेलं नाही, तोवर जपानला दर टर्नला १० आयपीसी मिळतात. जपानने आपणहून पुकारलं तर हे १० जातात आणि अमेरिकेला जपानवर पुकारायची मोकळीक मिळते. पण ब्रिटनने किंवा अँझॅकने उतावीळपणे आधी पुकारलं, तर जपान ‘चिथावलेला’ ठरतो. मग तो मलाया घेऊ दे की बोर्निओ, १० आयपीसी चालू राहतात आणि अमेरिका बाहेरच. ब्रिटन खेळणाऱ्याने मोठं घबाड दिसत नसेल तर इथे तोंड बंद ठेवावं. नुसत्या इंडोचायनावरच्या हल्ल्याने जपानचे १० जातात, पण अमेरिका त्यामुळे सुटत नाही.

अमेरिकेवर कुणी युद्ध पुकारलं नाही, लंडन किंवा उत्तर अमेरिकेतला प्रदेश पडला नाही आणि जपाननेही कुरापत काढली नाही, तर अमेरिका आपल्या तिसऱ्या टर्नच्या कलेक्ट इन्कमच्या (टर्नअखेरीस पैसे गोळा करण्याच्या) सुरुवातीला कुठल्याही किंवा सगळ्या अॅक्सिस सत्तांवर पुकारू शकते. हाच तो अपवाद. घोषणा आधी आणि पैसे मोजणं नंतर, म्हणून युद्धात असल्याचे बोनस त्याच टर्नला मिळतात. प्रत्यक्ष हल्ला अर्थात चौथ्या टर्नला, आणि मध्ये जपानचा एक टर्न येतो. जपानने अमेरिकेवर पुकारलं तर तेवढंच युद्ध लागतं. जर्मनी-इटलीवर अमेरिकेने स्वतःच्या टर्नला वेगळं पुकारायचं असतं, आणि हे हमखास विसरलं जातं.

युद्धात उतरताच अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचे तिन्ही छोटे कारखाने फुकटात मोठे होतात, एकेकाची क्षमता ३ वरून १० युनिट. पण खरेदी कॉम्बॅट मूव्हच्या आधी असते. जपानने आपल्या टर्नला ब्रिटनवर पुकारलं असेल आणि अमेरिका खेळणारे तुम्ही आता जपानवर पुकारणार असाल, तर खरेदी करतानाच मोठ्या कारखान्यांचा हिशेब धरा. युनिट मांडायची वेळ येईपर्यंत ते मोठे झालेले असतात.

तुर्कस्तान, स्पेन, स्वीडन अशा कडक तटस्थ देशांवर घोषणा लागत नाही, सरळ चाल करायची. पण एकावर हात टाकला की मंगोलिया सोडून बाकीचे सगळे समोरच्या बाजूला झुकतात. तुर्कस्तानच्या ८ इन्फंट्रीपेक्षा हा फटका मोठा.

टेबलाजवळ एक कागद ठेवा आणि त्यावर नऊ जोड्या लिहा : जर्मनी-सोव्हिएत, इटली-सोव्हिएत, जपान-सोव्हिएत, जपान-ब्रिटन, जपान-अँझॅक, जपान-फ्रान्स, जपान-अमेरिका, जर्मनी-अमेरिका, इटली-अमेरिका. घोषणा मोठ्याने, नाव घेऊन करायची : ‘जपान, ब्रिटन आणि अँझॅकवर युद्ध.’ मग जोडीपुढे फेरीचा आकडा आणि पुकारणाऱ्याचं नाव. नाव हवंच, नाहीतर चार तासांनी जपानचे १० आयपीसी मोजताना ‘आधी कुणी पुकारलं होतं?’ यावर चहा गार होतो.