लाकडी देवमूर्ती घरी आणताय? आमच्या दत्ताला भेग पडली तशी पडू नये म्हणून या चुका टाळा

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. रात्री साडेअकराच्या सुमाराला देवघरातून टक्क असा आवाज आला, लाइट लावून बघते तर आमच्या दत्ताच्या मूर्तीला मधल्या मुकुटापासून छातीपर्यंत उभी भेग. दीड फुटाची सागवानी मूर्ती, हाताने कोरलेली, डिसेंबरमध्येच वाशीच्या एका प्रदर्शनातून हौसेने आणलेली. सासूबाईंचा चेहरा एकदम उतरला, काहीतरी अशुभ घडणार म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी उपास धरला, आणि मला मूर्तीपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटत होतं.

तर सगळ्यात पहिली चूक हीच, भेग म्हणजे अपशकुन समजणं. घरातल्या वयस्कर माणसांना प्लीज घाबरवू नका. झाड तोडलं तरी लाकूड हवेतलं पाणी पीत राहतं आणि सोडत राहतं, पावसाळ्यात फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि आकसताना सगळीकडे सारखं आकसत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या कडेकडेने ते जेवढं आकसतं त्याच्या साधारण निम्मंच मध्यापासून बाहेरच्या दिशेने आकसतं, त्यामुळे आत ताण तयार होतो आणि तो कुठूनतरी बाहेर पडतो. आमच्या देवघराच्या बरोबर वर एसी. ऐरोलीत खाडीकडून येणारी दमट हवा दिवसभर आणि रात्री आठ तास एसीची कोरडी हवा थेट दत्ताच्या डोक्यावर, मार्च संपल्यापासून रोज हेच चाललेलं. दुसरं काय होणार होतं?

दुसरी चूक खरेदीच्या वेळेची, आणि ती माझीच. विकणाऱ्याने सांगितलं की माल पूर्ण सीझन केलेला, म्हणजे कोरण्याआधी नीट वाळवलेला आहे आणि मी मान डोलावली. मूर्ती उलटी करून बघितलीच नाही. नंतर ठाण्यात खारकर आळीजवळ एक जुने सुतारकाका आहेत त्यांच्याकडे नेली, त्यांनी हातात घेतल्या घेतल्या बूड वर केलं आणि म्हणाले, "ताई, हे बघा, खोडाचा मधोमधचा ठिपका मूर्तीच्या पोटातच राहिलाय, ही फाटणारच होती." तळाला झाडाची वर्तुळं दिसतात ना, त्यांचं केंद्र मूर्तीच्या आत असेल तर भेग जवळजवळ ठरलेली. वर्तुळांचे नुसते कमानीसारखे तुकडे दिसत असतील तर लाकूड खोडाच्या बाजूचं आहे, ते जास्त शहाणं. तळाला वर्तुळं, रेघा काहीच दिसत नसेल, जाड रंग किंवा मखमल चिकटवलेली असेल तर ती काढून दाखवायला सांगा. कडेने बारीक शिवणीसारखी रेघ दिसली तर ती भुसा आणि रेझिनची साच्यातली मूर्ती असण्याची शक्यता जास्त. साच्यातली घेऊ नका असं नाही, पण हाताच्या कामाचे पैसे देऊ नका.

हाताचं काम ओळखायला मागची बाजू बघा. कानाच्या मागे, काखेत, हात आणि कमरेच्या मधल्या पोकळीत पटाशी कशी फिरलीय ते बघा. मशीनचं काम समोरून सुंदर असतं पण अशा आतल्या जागी उथळ राहतं आणि शेजारच्या चार मूर्ती तंतोतंत सारख्या निघतात.

आता मला सगळ्यात जास्त ज्यावर बोलायचंय ते. आपण मूर्तीचा चेहरा बघतो, पॉलिश बघतो, आणि हातात काय आहे ते बघतच नाही. देवाच्या हातातली वस्तू म्हणजे त्या देवाचं नाव आहे, नुसती सजावट नाही. दत्ताचंच घ्या, ध्यानाच्या श्लोकात स्पष्ट आहे की खालच्या दोन हातांत माळ आणि कमंडलू, मधल्या दोघांत डमरू आणि त्रिशूळ, वरच्या दोघांत शंख आणि चक्र. म्हणजे खाली ब्रह्मा, मध्ये शिव, वर विष्णू. तीन तोंडं आणि सहा हात असं ते गणित बसतं. त्याच प्रदर्शनात एका मूर्तीत त्रिशूळ वरच्या हातात आणि चक्र मधल्या हातात होतं, कोणीतरी फोटोवरून कोरलं असेल आणि जागा कमी पडली असेल. ती मूर्ती आमच्यापेक्षा सुबक होती, पण मी घेतली नाही आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

विष्णूच्या बाबतीत तर हे फारच बारीक आहे. शंख, चक्र, गदा, पद्म या चार वस्तू चार हातांत जितक्या प्रकारे मांडता येतात ते प्रकार मोजले तर 24 होतात, आणि संध्येत आपण केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी 24 नावं घेतो ती याच 24 मूर्तींची! उजव्या खालच्या हातापासून सुरू करून उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा असं फिरायचं. पद्म, शंख, चक्र, गदा आलं तर तो केशव. शंख, पद्म, गदा, चक्र आलं तर नारायण. हे कळल्यावर मी माहेरी जाऊन आजोबांच्या देवातली छोटी मूर्ती मोजली तर ती माधवाची निघाली, गदा, चक्र, शंख, पद्म, आणि घरात इतकी वर्षं सगळे तिला नुसतं विष्णू म्हणत होते. मला तेव्हा फार आनंद झाला होता, खरंच सांगते.

यातूनच आरशाची चूक लक्षात येते. नेटवरचा फोटो कधीकधी उलटा झालेला असतो, कारागीर किंवा मशीन तोच वापरतं आणि सगळी मूर्ती डावी-उजवी पालटते. विष्णूचा अर्थच बदलतो. नटराज तपासायला सोपा, त्याचा डावा पाय उचललेला असतो, उजवा पाय अपस्मारावर, म्हणजे पायाखालच्या बुटक्या राक्षसावर टेकलेला, मागच्या उजव्या हातात डमरू म्हणजे सृष्टीचा आरंभ आणि मागच्या डाव्या हातात अग्नी म्हणजे लय. उजवा पाय उचललेला दिसला तर आधी फोटो उलटा झाल्याचा संशय घ्या. पण मदुराईच्या मीनाक्षी मंदिरात रजतसभेत शिव उजवा पाय उचलूनच नाचतो, त्यामुळे कारागिराने तो मुद्दाम तसा केलाय का हे विचारा, त्याला मदुराई माहीत असेल तर तो लगेच सांगेल. डमरूसुद्धा डाव्या हातात गेलेला असेल तर मात्र चूकच.

गणपतीच्या सोंडेवरून उगाच भीती घालतात. उजव्या सोंडेचा सिद्धटेकला आहे, प्रभादेवीला आहे, हजारो लोक रोज पाया पडतात. लाकडाच्या दृष्टीने खरी काळजी वेगळी आहे, सोंड कुठल्याही बाजूला वळू दे, ती पोटापासून सुटी कोरलेली असेल तर तिचं टोक लाकडाच्या रेघांना, म्हणजे तंतूंना, आडवं येतं आणि तिथेच मोडतं. लाकूड रेघांच्या दिशेने दणकट असतं आणि रेघांना आडवं गेलं की बिस्किटासारखं तुटतं. म्हणून उभ्या लाकडात कोरलेल्या कृष्णाची बासरी, रामाचा बाण, देवीची बोटं ही नाजूक ठिकाणं. चांगला कारागीर बासरी वेगळ्या तुकड्यात करून हातात बसवतो. बऱ्याच जणांना जोड दिसला की फसवणूक वाटते, माझ्या मते तो जोड म्हणजे समजूतदारपणा आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे सहाव्या शतकात, मूर्तीसाठी झाड तोडायच्या आधी खोडावर दिशा आणि वर-खाली यांच्या खुणा करून घ्या असं सांगितलंय, कारण झाड जसं उभं होतं तशीच मूर्ती उभी राहायला हवी.

लाकूड कुठलं घ्यावं? सागवानात नैसर्गिक तेल असतं त्यामुळे कीड कमी लागते, शिसम जड आणि टिकाऊ, आंब्याचं स्वस्त पण घुण लवकर लागतो. चंदनाचा वास म्हणजे चंदन हे समीकरण डोक्यातून काढून टाका, फिकट लाकडाला अत्तर चोळून विकतात आणि दोन महिन्यांत वास जातो. शिसम आणि रक्तचंदन दोन्ही साइट्स (CITES) यादीत आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे, परदेशातल्या भाच्याला गिफ्ट पाठवायचा विचार असेल तर आधी नियम बघा. सीबीडी बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे, तिथे कारागीर स्वतः स्टॉलवर बसलेले असतात, त्यांच्याशी बोलून घ्या, दुकानातल्या सेल्समनपेक्षा दहापट माहिती मिळते.

आता घरी आणल्यावरच्या चुका. पितळेच्या देवासारखं रोज पाणी-दूध-पंचामृत घालणं ही सर्वात मोठी. पाणी तळातून आणि बारीक भेगांतून आत शिरतं, साखर आणि दुधाने बुरशी आणि मुंग्या येतात. सासूबाईंना हे पटत नव्हतं, अभिषेकाशिवाय देव कसा, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांना पुरीचं सांगितलं. जगन्नाथाची मूर्ती लाकडाची, कडुलिंबाची, आणि तिथे रोजचं स्नान मूर्तीसमोर आरसा धरून त्यातल्या प्रतिबिंबाला घालतात. मूर्तीला खरं स्नान वर्षातून एकदा, ज्येष्ठ पौर्णिमेला 108 घागरींनी, आणि त्यानंतर देव पंधरा दिवस दर्शनाला नसतो, त्या काळात मूर्ती पुन्हा रंगवतात. हे ऐकल्यावर त्या लगेच तयार झाल्या. आता आमच्याकडे दत्तासमोर ताम्हनात चांदीच्या छोट्या पादुका असतात, अभिषेक त्यांना, आणि मूर्ती कोरड्या मऊ ब्रशने झटकायची.

खोबरेल किंवा तूप चोळू नका. ते वाळत नाही, चिकट थर होतो, त्यावर उदबत्तीची काजळी बसते आणि वर्षभरात चेहऱ्याची रेखच बुजते. थोडं मधमाशीचं मेण मऊ कापडाने वर्षातून एक-दोनदा पुरतं. जवसाचं तेल वाळतं, चालतं, पण त्या तेलाची फडकी गोळा करून डब्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, पसरून वाळवा. आणि सॅनिटायझरने देव पुसू नका! जुन्या मूर्तींवर बहुतेक लाखेचं पॉलिश असतं, लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लगेच पांढरे चट्टे येतात. शंका असेल तर तळाला कापसाने स्पिरिटचा एक थेंब लावा, चिकट झालं तर लाख.

मूर्तीखाली पावडर दिसली तर घाबरून सगळीकडे स्प्रे मारण्याआधी ती बोटांत चोळून बघा. मैद्यासारखी मऊ आणि लाकडाला टाचणीएवढी गोल भोकं असतील तर घुण. रव्यासारखे किंवा खसखशीसारखे दाणे लागले तर कोरड्या लाकडातली वाळवी. मातीच्या नळ्या भिंतीवरून चढल्या असतील तर जमिनीतली वाळवी, तिथे मूर्तीचा नाही तर घराचा उपाय करायला पेस्ट कंट्रोलवाल्यालाच बोलवा. रॉकेल, डिझेल अजिबात नको, शेजारी निरांजन लावतो आपण. छोटी, रंग न दिलेली, भेग नसलेली मूर्ती घुणासाठी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येते, म्युझियममध्येही हीच पद्धत वापरतात. बाहेर काढल्यावर एक दिवस गुंडाळलेलीच राहू द्या, नाहीतर दव धरतं. औषध द्यायचंच झालं तर भोकात इंजेक्शनच्या सुईने देणारा माणूस शोधा, वरून फवारलेलं आत पोचत नाही.

जागा बदलणं फुकटात होतं आणि त्यानेच निम्मं काम होतं. एसीच्या झोताखाली नको, पश्चिमेच्या खिडकीतल्या उन्हात नको, बाथरूमच्या ओल येणाऱ्या भिंतीला टेकून नको. भिंतीपासून चार बोटं पुढे, तळाखाली पातळ लाकडी पट्ट्या म्हणजे खालून हवा खेळते. जुलै-ऑगस्टमध्ये बंद काचेच्या देवघराचं दार दिवसा थोडं उघडं ठेवा.

आणि भेग पडलीच तर? मी मे महिन्यात घाईघाईने इपॉक्सी पुट्टी भरली. जुलैमध्ये लाकूड फुगलं, पुट्टी दगडासारखी कडक, ती दबत नाही, मग दाब शेजारच्या खांद्यावर गेला आणि तिथे दुसरी बारीक भेग आली. काका म्हणाले, "घाई केलीत. लाकूड अजून हलतंय, त्याला एक वर्ष द्या." त्यांनी पुट्टी हळूहळू कोरून काढली, पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबायला लावलं, एसीची दिशा बदलायला लावली, आणि मग जुन्या सागाची कागदासारखी पातळ चीप भेगेत बसवली, चिकटवली फक्त एका बाजूने, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला हलायला जागा राहते. बारीक भेग त्यांनी मेणात सागाच्या रंगाची पावडर मिसळून भरली. जवळून बघितलं की अजून दिसते.

मूर्ती दुरुस्तीपलीकडे गेली असेल तर ऐरोलीच्या पुलावरून खाडीत टाकू नका, पॉलिश आणि रंगासकट ते लाकूड फ्लेमिंगोंच्या चिखलात जातं. पुरीतसुद्धा नवकलेवर होतं, म्हणजे जुन्या मूर्ती बदलून नव्या लाकडाच्या घडवतात तेव्हा, शेवटचं 2015 साली झालं, जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच कोइली वैकुंठात जमिनीत पुरतात. आमच्या शेजारच्या आजींनी घुणाने पोखरलेला त्यांचा छोटा मारुती आधी रंग खरवडून काढून गच्चीवरच्या मोठ्या कुंडीत तुळशीखाली पुरला.